केसरबाईची दाढ

“सांगितलं तर तुमचा कुणाचा इश्वास बसायचा नाय,” पुंजाराम म्हणाला आणि थांबला. गोष्ट पुढे नेण्याआधी ऐकणाऱ्यांच्या तोंडावरून एकदा नजर फिरवायची त्याची जुनी सवय होती. “पण आमच्या केसरची दाढ म्या बरी केली. डाक्टर नाय, गोळी नाय. नुसता विटेचा तुकडा.”

भावसिंगपुऱ्यात कडुबाच्या गिरणीपुढे सकाळचीच माणसं ड्रम, घागरी, रंगाचे रिकामे डबे मांडून बसली होती. आज नळाला पाणी येणार होतं. म्हणजे यायचा दिवस होता. येणं न येणं पाण्याच्या मर्जीवर. अशा वेळी पुंजारामसारखा माणूस लोकांना लागतोच.

कडुबाने गिरणीचं बटण दाबलं. घरघर थांबली. ही गोष्ट त्याला नीट ऐकायची होती.

“विटेनं? म्हणजे हाणली का काय वयनीला?”

“हाणली आसती तर आज तुझ्याम्होरं बसलो आसतो व्हय? तिनं मला इथंवर जित्ता येऊ दिला नसता.” हशा झाला. पुंजारामला बळ आलं. “वीट तव्यावर तापवली. फडक्यात गुंडाळली. गालाला लावली. एक दिस, दोन दिस. दाढेतला किडा आतून वरडायला लागला. म्हणला, पुंजाराम, पाणी सोडतोस का नाय ते सांग, नायतर म्या चाललो. म्या म्हणलं, पाणी उद्या येईल. तसा तो बिचारा गेला! ह्या शहरात उद्याच्या पाण्यावर कोण थांबतंय?”

आता तर बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

“मंग पाटी लाव की,” कडुबा म्हणाला. “‘इथं विटेनं दाढ बरी करून मिळंल.’ समोरचा दाताचा डाक्टर भीक मागंल.”

समोर खरंच दातांचा दवाखाना होता. गिरणीच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की काचेचं दार. पुंजारामने त्या दाराकडे पाहून एक नमस्कार केला, पुन्हा हशा घेतला आणि पाण्याची वाट न बघताच घरी निघाला. चांगली गोष्ट झाली की तो असाच उठायचा. पुढे काय झालं असं कुणी विचारायच्या आत.

पुंजारामने उभी हयात या शहराला पाणी सोडलं. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, जमिनीतलं झाकण उचलायचं, चावी घालून पीळ द्यायचा, की अमक्या वस्तीत पाणी सुरू आणि तमक्या वस्तीत बंद. इतकंच काम. पण त्या कामात एक प्रश्न त्याच्या मागे सावलीसारखा फिरे: “पाणी कधी?” याचं खरं उत्तर ‘मला ठाऊक नाही’ एवढंच होतं. वर मोटार कधी सुरू होणार, टाकी कधी भरणार, ते त्याला कोण सांगणार? पण ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या माणसाची लोक गचांडी धरतात. म्हणून त्याने एकदा सांगितलं, जायकवाडीत पाइपाच्या तोंडाशी मगरीनं पिल्लं घातलीत, ती पोहून गेल्याबिगर मोटार सुरू करता येत नाही. काठी घेऊन आलेली माणसं पोट धरून हसत परत गेली. माणूस हसला की रिकाम्या घागरीचं त्याला तेवढं वाटत नाही, हे पुंजारामच्या ध्यानात आलं आणि तिथून त्याच्या जिभेला जी चटक लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही.

त्याच्या गोष्टींवर सगळे हसत. एकटी त्याची बायको, केसरबाई, हसत नसे. त्या मगरीची गोष्ट घरी सांगितली तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली होती आणि तिने विचारलं होतं, “मंग ती पिल्लं कुठं गेली वं?”

पुंजारामला त्या वेळी तिची कीव आली होती. पुढे मात्र तीच एक गोष्ट त्याला घरी खेचून आणायची. बाहेर हसणारे पुष्कळ होते. पिल्लांची काळजी करणारं घरात एकच माणूस होतं.

केसरबाईची दाढ दुखायला लागली आणि त्यातूनही त्याची एक गोष्ट निघाली. डावीकडची खालची शेवटची दाढ. केसरबाई आधी तिच्यावर मिसरी दाबून धरायची. मग लवंग झाली. मग एक दिवस ती कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “ठणका मस्तकात जायलाय.”

“हे काय दुखणं हाय?” पुंजाराम म्हणाला. “माझी दाढ दुखली व्हती पाण्याच्या पंपावर बदलीला आसताना. आसा ठणका, की वस्तीतली कुत्री बावचळली; त्यांना आवाज यायचा! मंग म्या काय केलं, गरम मोटारीला गाल लावून बसलो. पाळी संपंस्तोवर. कानातून वाफ निघाली, आन् दाढ शरण आली.”

यातली मोटार तेवढी खरी होती. दाढ त्याने तेव्हा सरकारी दवाखान्यात जाऊन उपटून घेतली होती आणि सुई बघूनच त्याला चक्करही आली होती. पण त्यात गोष्ट काय?

केसरबाईने विचारलं, “लई येळ लावला व्हता का गाल?”

“लई येळ.”

ती उठली. परसात पडलेला विटेचा तुकडा धुऊन आणला आणि तव्यावर ठेवला. पुंजाराम बघत होता. ‘आगं, गंमत केली’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ती तव्यापुढे अशी बसली होती, जणू त्या विटेत औषध उकळतंय. त्याला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

आणि तीन-चार दिवसांनी ठणका थांबला! एकदम. नळ बंद व्हावा तसा. केसरबाई म्हणाली, “थांबला वं.” पुंजारामचा स्वतःचाच आपल्या गोष्टीवर विश्वास बसला आणि तो गिरणीकडे धावला. सुरुवातीला सांगितली ती सकाळ हीच.

घरी परतला तेव्हा केसरबाई चुलीशी पाठमोरी बसली होती.

“समद्यांना सांगितलं,” तो म्हणाला. “कडुबाचं तोंड बघायला पाहिजे व्हतं.”

तिने मान हलवली. भाकरी एकाच माणसाची केली होती.

“तुझी?”

“भूक नाय.”

पुढच्या दिवसांत पुंजारामने जे जे पाहिलं ते त्याला नंतर दवाखान्याच्या बाकावर एकेक करून आठवलं. पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. फक्त दर वेळी, पाणी का आलं नाही हे सांगावं तसं त्याने स्वतःला काहीतरी सांगितलं होतं.

केसरबाई भाकरी सोडून पेज प्यायला लागली. तो म्हणाला, म्हातारपणी हलकं खाल्लेलं बरं. तिचा आवाज बदलला. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा जड, गोल. कडुबाची बायको दारात येऊन म्हणाली, “भावजी, केसरबाई आशी काऊन बोलायली?” तर तो म्हणाला, “आकाशवाणीवर गाणं म्हणायचंय तिला. आवाज मुरत घातलाय.” केसरबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. तो म्हणाला, उकडतंय. अंग गरम लागलं, तर ऊन म्हणाला. पदर तिने तोंडावरून घेतला होता तो घेतलाच. हनुवटीपाशी तो सदा ओला दिसे. त्यावर मात्र त्याला काही सुचलं नाही. म्हणून त्याने तिकडे बघणं सोडलं.

एकदा पदर सरकला. वीट लावताना फुगलेला गाल आता ओसरलेला दिसला. गाल कमी झाला म्हणजे सूज कमी झाली असा त्याने हिशेब केला. जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या अंगाला जे ताठलं होतं, ते हनुवटीच्या सावलीत होतं आणि त्याने तिथे उजेड पाडला नाही.

असं नाही की त्याला भीती वाटली नाही. एका सकाळी तो कुणाला न सांगता त्या काचेच्या दाराकडे निघाला. नुसतं विचारून यावं, बाईमाणसाला आणायचं तर कधी आणायचं. रस्ता निम्मा ओलांडला असेल नसेल तोच गिरणीतून आरोळी आली, “काय पुंजाराम! वीट थंड झाली व्हय?”

पिठाने पांढरे झालेले सगळे चेहरे इकडे वळले. पुंजाराम रस्त्याच्या मध्ये उभा राहिला.

“थंड कशापायी होईल?” तो म्हणाला. “डाक्टरला शिकवायला चाललो व्हतो. पर त्यानं फी मागितली.”

हशा झाला. तो वळला. घरी येऊन त्याने केसरबाईला विचारलं, “दावायचं का कुणाला?” विचारतानाच मनातून म्हणत होता, नाही म्हण. केसरबाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान आडवी हलवली. तिने त्याच्या मनातलं ऐकलं असावं. इतक्या वर्षांत तिने त्याचं काय ऐकलं नव्हतं?

रविवारी वाळूजहून सून आली. मुलगा इंद्रजीत कंपनीच्या कामाने बाहेरगावी होता, म्हणून करुणा एकटीच शेंगांची पिशवी घेऊन आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “आत्याबाई, फोन का उचलत नाही? दोन दिवस झाले लावतेय.”

केसरबाईने हाताने ‘बस’ असं खुणावलं.

“बोलत का नाही?”

“दाढ व्हती,” पुंजाराम म्हणाला. “आता बरी झाली. फकस्त जरा...”

करुणाने सासूच्या जवळ बसून पदर बाजूला केला. तिच्या हाताला तो ओला लागला. तिने पदर पाहिला, मग तोंड पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती आणि केसरबाई ती हाताने पुसायचा प्रयत्न करत होती; सासरे समोर आहेत म्हणून सुनेला लाज वाटावी, तशी सासूला सुनेची लाज वाटत होती.

“आत्याबाई, थुंकी गिळा बरं.”

केसरबाईने डोळे मिटले. मान पुढे केली. गिळलं गेलं नाही.

“तोंड उघडा.”

तोंड उघडलं ते एक बोट जाईल एवढंही नाही. करुणाने गळ्याला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. “मामा, हे लाकडासारखं लागतंय! हे कधीपासून?”

“आगं, सूज हाय. उतरंल...”

“मामा, रिक्षा बघा.”

“उद्या सोमवार हाय, दवाखाना उघडला की...”

“त्यांना श्वास घ्यायला बसून राहावं लागतंय, आणि तुम्ही उद्याचं काय सांगताय? रिक्षा बघा म्हणते ना!”

सून आजवर त्याच्याशी अशी बोलली नव्हती. पुंजाराम रस्त्यावर धावला. नेमकं नळाला पाणी आलं होतं. सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर होती. रिक्षा त्या गर्दीतून हळूहळू सरकली. कडुबाने वाकून आत बघितलं. करुणा मध्ये, केसरबाई तिच्या खांद्यावर पुढे झुकलेली, आणि पुंजाराम कडेला.

“कुठं रं, पुंजा?”

पुंजारामने नुसता हात पुढे केला. पण रिक्षा पुढे गेल्यावर जीभ आपली आपण चालायला लागली. “सांगतो भाऊ,” तो रिक्षावाल्याला म्हणाला, “एकदा ह्याच रस्त्याला पाइप फुटला तवा...”

“मामा,” करुणा म्हणाली, “गप बसा.”

घाटीच्या सरकारी दवाखान्यात पोचल्यावर सगळं भराभर झालं. तपासायला आलेली डॉक्टर लहानशी होती, डॉ. मनस्विनी असं कोटावर लिहिलेलं. तिने केसरबाईला आडवं करायला सांगणाऱ्या मावशीला तिथेच थांबवलं. “बसूनच राहू दे त्यांना. आडवं करू नका.” मग बॅटरीने दातांच्या फटीतून पाहिलं. जीभ वर उचलली गेली होती. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून पाहिली. हे सगळं करताना ती शांत होती. पण फोनवर ती फार भराभर आणि फार थोडं बोलली.

“आजोबा, दाढ कधी दुखायला लागली?”

करुणा अर्ज भरायला खिडकीशी गेली होती. जवळ कुणी नव्हतं. डॉक्टर, केसरबाई आणि तो. खरं सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

“काल,” पुंजाराम म्हणाला.

“काल? दुखणं काल, आणि सूज?”

“सांजच्याला. एकदम चढली. आमाला कळंना काय झालं ते. कळलं तसं आणलं.”

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. “एका दिवसात सहसा एवढं होत नाही.” मग केसरबाईकडे वळली. “आजी, मान हलवून सांगा. कालपासूनच का?”

केसरबाईचा श्वास घरघरत होता. एकेक श्वास घ्यायला तिला खांदे उचलावे लागत होते. तिने पुंजारामकडे पाहिलं. आणि मग तिने मान हलवली. हो, कालपासून.

पुंजारामला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर त्याने आभार मानले असते.

ऑपरेशन झालं. नाकातून नळी घालून आधी श्वासाची वाट धरली, मग हनुवटीखाली चिरा देऊन आतला पू काढला, दाढ काढली. करुणाने फोन लावून इंद्रजीतला बोलावून घेतलं. तो आला तो बापाशी फार बोलला नाही. आईच्या पायाशी बसून राहिला. नळी निघून वॉर्डात आणेपर्यंत पुंजाराम बाहेरच्या बाकावर होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाही त्याने काहीही सांगितलं नाही.

धोका टळल्यावर डॉ. मनस्विनीने त्याला आणि करुणाला बोलावलं.

“दुखणं थांबलं होतं ना मध्ये?” तिने विचारलं.

पुंजाराम बघत राहिला. हिला कसं कळलं?

“थांबतं. दाढेतली नस मेली की ठणका थांबतो. लोकांना वाटतं बरं झालं. पण आत पू असतो, तो वाट काढत खाली गळ्यात उतरतो. नुसतं दुखत असेल तर एक वेळ सकाळपर्यंत थांबता येतं. पण सूज जबड्याखाली गेली, तोंड उघडेना, गिळता येईना, आवाज बदलला, ताप आला, आडवं पडलं की गुदमरायला होतं, यातलं एकही दिसलं की थांबायचं नाही. त्याच पावली दवाखाना. अजून अर्धा दिवस गेला असता तर...” तिने वाक्य सोडून दिलं. “आणि एक. डाव्या गालावर भाजल्याचे डाग आहेत. शेक दिला का काही?”

करुणाने सासऱ्याकडे पाहिलं.

“दिला आसंल तिनं,” पुंजाराम म्हणाला. “बायामाणसं करत्यात काही-बाही. मला काय म्हाईत?”

“शेकाने वाढतं ते,” डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हे बोलल्यावर पुंजारामला बाकावर बसवेना. तो वॉर्डाच्या पडद्याबाहेर येऊन उभा राहिला. आत करुणा सासूला चमच्याने पाणी पाजत होती.

“फार बोलू नका म्हणालेत,” करुणा सांगत होती. “फक्त एवढं सांगा मला. एवढं दुखत होतं, गिळता येत नव्हतं, तर कुणाला म्हणाला का नाहीत? मामांना नाही तर मला तरी.”

 मग केसरबाईचा आवाज आला, चाळणीतून पीठ पडावं तसा.

“त्यांनी समद्या गल्लीला सांगितलं व्हतं ना... बरी झाली म्हणून.”

 पेल्यात चमचा ठेवल्याचा आवाज झाला.

पुंजाराम पडद्यामागे तसाच उभा राहिला. त्याची गोष्ट खोटी पडू नये म्हणून ती लाळ गिळता येत नसताना गप्प बसली होती. गल्लीत तो हशा घेत होता तेव्हा घरात ती त्याची पत राखत होती. त्याला वाटलं, आत जावं आणि म्हणावं, ती मोटारीची गोष्ट खोटी होती. गाल लावला नव्हता मी. दवाखान्यात जाऊन सुई घेतली होती. पण इतक्या वर्षांत त्याने एकही गोष्ट मागे घेतलेली नव्हती. त्याला त्याची रीतच माहीत नव्हती. तो आत गेला आणि त्याने विचारलं, “चहा आणू का?”

केसरबाई बरी होत गेली. गळ्याला पट्टी होती, तोंड अजून अर्धंच उघडत होतं, बोलायचं कमी. शेजारच्या खाटेवर पिशोरची एक म्हातारी होती, गळ्याची गाठ काढलेली. तिची सून रत्नमाला तिच्या उशाशी असायची. भेटायच्या वेळेत पुंजाराम आत बसला की रत्नमाला त्याच्या पाण्याच्या शिळ्या गोष्टी ऐकून हसायची. त्याच्या जिभेला पुन्हा थोडं बळ यायला लागलं होतं. मगरीची पिल्लं झाली, पाइप झाला. केसरबाई डोळे मिटून पडलेली असायची.

त्या दिवशी दुपारी रत्नमालाने डोक्याला रुमाल बांधला होता, हनुवटीखालून वर नेऊन.

“काय गं, डोकं दुखायलं का?” पुंजारामने विचारलं.

“दाढ वं, काका,” ती म्हणाली. बोलताना तोंड पुरतं उघडत नव्हतं. “इथं आल्यापासून लई दुखायली व्हती. दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. कालपासून ठणका बंद हाय एकदम. फकस्त सूज गालावरची इकडं खाली आली जराशी.” तिने रुमालाखाली बोट लावून दाखवलं. “आन् अंगात कणकण हाय. म्हणलं विचारावं, इथं दाताचं बी बघत्यात का. पर उद्या सुट्टी व्हायलीय सासूबाईला, सकाळची गाडी धरायची. घरी लेकरं हाईत. ठणका नाय तर कशाला रांगेत उभं राहायचं?”

मग ती खाटेकडे वळली. “मावशीचं बी दाढेचंच व्हतं का, काका? किती दिसानं वाढलं?”

पुंजारामच्या तोंडाशी सगळं आलं. डॉक्टरने सांगितलेलं एकेक. ठणका थांबणं म्हणजे काय, सूज खाली येणं म्हणजे काय. त्याला ते पाठ झालं होतं. बाकावर बसून त्याने ते मनात कितीदा घोळवलं होतं. पण ते सांगायचं तर ‘किती दिसानं’ याचं उत्तर आधी द्यावं लागणार होतं. मग ही विचारणार, एवढे दिवस काय करत होता? आसपासच्या खाटांवरच्या बायांनी कान दिले होते. करुणा पायाशी बसून मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

“छ्या,” पुंजाराम म्हणाला, “दाढेनं कुठं आसं व्हतं व्हय?”

“मंग?”

“सांगतो. आमी दोघं वेरूळला गेलो व्हतो. लेणीच्या वरच्या अंगाला आग्या मोहोळ. ही एवढी मोठी माशी, चिमणीच म्हण! समदे लोक पळाले. म्या पळालो नाय, म्या तिला आडवा झालो. पर एका माशीनं माझ्या बगलेखालून वाट काढली अन् हिच्या गळ्याला डसली. म्या बघितलं, त्याच पावली उचलली, आन् खांद्यावर घेऊन...”

“वेरूळहून खांद्यावर?” एक बाई हसली.

“निम्म्या वाटंपर्यंत. फुडं गाडी भेटली.” हशा झाला, तो त्याला हवा होता तसाच. पण या वेळी तो घशाखाली उतरला नाही. तरी जीभ थांबेना. “तवा तू नको भेऊ. तुझा ठणका गेला ना? गेला म्हणजे बरी झाली. जा बिनघोर घरी. लेकरं वाट बघायली असतील.”

रत्नमालाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. “तेच म्हणलं म्या,” ती म्हणाली आणि पिशवीत सासूचे कपडे भरायला वळली.

“खोटं.”

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कुणाला कळलं नाही कुठून आला. केसरबाई कोपरावर भार देऊन उठत होती. करुणा धावली, “आत्याबाई, बोलू नका, टाके आहेत,” तर तिने तिचा हात बाजूला केला.

“खोटं सांगायलेत ते,” केसरबाई म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि ती तो काढत होती. “वेरूळ नाय, माशी नाय. दाढच व्हती. माझा बी ठणका आसाच थांबला व्हता... मंग सूज खाली आली. तोंड मिटलं. थुंकी गिळंना. म्या घरातच बसले. कुणाला सांगितलं नाय.” ती थांबली, श्वास घेतला. “पोरी, गाडी धरू नको. आत्ता जा. ती बारकी डाक्टरीण हाय ना, तिला दाव.”

वॉर्डात कुणी हसलं नाही. रत्नमालाने हात रुमालाकडे नेला. ती केसरबाईकडे बघत होती आणि मग पुंजारामकडे. करुणाही त्याच्याकडेच बघत होती.

“काका,” रत्नमाला म्हणाली, “कुणाचं खरं धरू?”

पुंजाराम खाटेच्या कडेला बसला होता. केसरबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती रत्नमालाकडेच बघत होती.

“तिचं धर,” पुंजाराम म्हणाला.